गालावर चीर असलेला राजा

तोंडात नाही. जिभेखाली नाही. मी बोट आत घातलं, पार घशापर्यंत, हाताला नुसती खीर लागली, आणि चिऊ खोकत होती, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, जसं काय मीच तिला काहीतरी केलंय. मामाच्या मांडीवर होती ती, माझ्या भावाच्या, महेशच्या. तो स्वतःची दोन बोटं पुढे धरून बसलेला, त्या बोटांत दोन सेकंदांपूर्वी नाणं होतं आणि आता नव्हतं. "गिळलं," तो बोलला. "तायडे, गिळलं तिने." पुढचं मला नीट आठवत नाही, आवाज तेवढे आठवतात. कोणीतरी पाट सरकवला, खिरीची वाटी पालथी झाली, बाजूच्या खोलीतला मिक्सर चालूच होता, माझा नवरा नितीन पोरीला उलटी धरून पाठीवर थापट्या मारत होता, आणि त्या सगळ्यात माझ्या सासूबाई माझ्या पदराकडे बघून ओरडल्या, "ओटी सांडू नको गो, ओटी सांडू नको." पाच मिनिटं आधीच त्यांनी माझी ओटी भरली होती. तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण, वर नारळ. नारळ गडगडत कुठे गेला देव जाणे, पण तांदूळ मी मुठीत आवळले, पदराला गाठ मारली, कमरेला खोचला आणि अनवाणी रिक्षाकडे धावली.

आता ते नाणं काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल एक रुपया गेला तर एवढं काय. मी तेव्हा एकवीस वर्षांची होती. नववीत शाळा सुटलेली, लग्न करून चारकोपला आली, सेक्टरमधल्या बैठ्या खोलीत. खाली एक खोली, वर माळा, मागे मोरी. मागच्या बाजूला इंडस्ट्रियल इस्टेट, दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज यायचा, इतका की रविवारी तो बंद असला की कानात काहीतरी कमी वाटायचं. सासरे मिलमध्ये होते, मी यायच्या आधीच गेले. राहिलो आम्ही तिघं. नितीन, त्याची आई आणि मी. त्यांना मी आई बोलते. आई कोकणातल्या, तीस-पस्तीस वर्षं मुंबईत काढली पण बोलणं गावचंच, आणि स्वयंपाकही. काळ्या वाटाण्याची उसळ असली की खोबरं इतकं भाजायच्या की शेजारची दार लावून घ्यायची. देव्हारा भिंतीत, त्याला पितळी घंटा, आणि आत लाल कपड्यावर देवांचे चांदीचे टाक, म्हणजे देवाचं रूप ठोकलेले छोटे पत्रे. त्या टाकांच्या मधोमध ते नाणं.

छोटं होतं, आपल्या रुपयापेक्षा लहान पण जाड, आणि नीट गोल नव्हतं. एका बाजूला दाढीवाला माणूस, नुसतं तोंड, आडवं बघणारं. डोक्याला पानांचं काहीतरी बांधलेलं आणि त्याच्या दोन फिती मानेवर सुटलेल्या. आई सांगायच्या, हा आमचा मूळपुरुष, नवरदेव झालेला, ह्या मुंडावळ्या. दुसऱ्या बाजूला बाई उभी, अंगभर नेसलेली, हातात वाटी, आणि समोर एक बुटका ओटा, त्याच्यातून नाग वर आलेला, वाटीकडे तोंड करून. ती सातेरी. आमच्या गावची देवी वारुळात राहते, तिच्या वारुळात नाग असतो, मग ही दुसरी कोण असणार? नितीनच्या पणजोबांना माडाच्या मुळाशी खणताना मिळालेलं. देवीनेच दिलं. कडेने इंग्लिश अक्षरं होती, ए, व्ही, एस एवढी मला वाचता यायची. मी आईंना दाखवली तर त्या बोलल्या इंग्रजाच्या काळात कोणीतरी कोरली असतील. दर शनिवारी देव घासायचं काम माझ्याकडे आलेलं. चिंचेचा कोळ, मग रांगोळी, मग साधं पाणी. त्या माणसाच्या गालावर एक चीर होती, डोळ्याखालून दाढीपर्यंत, कोणीतरी छिन्नीने मारल्यासारखी. त्या चिरेत रांगोळी अडकायची, मी काडीने काढायची. डोळे मिटून हातात दिलं असतं तरी ती चीर माझ्या अंगठ्याने ओळखली असती.

आणि रीत अशी होती की ह्या घरातलं कुठलंही मूल पहिला घास ह्या नाण्यानेच खायचं. उष्टावणाला मामाने मांडीवर घ्यायचं, नाणं खिरीत बुडवायचं आणि जिभेला लावायचं. नितीनला असंच भरवलेलं, त्याच्या बापाला असंच. माझ्या पोरीला सातवा लागला तेव्हा आईंनी नारळाच्या रसातली तांदळाची खीर केली, गूळ घालून, आणि मला बोलल्या, तुझ्या भावाक बोलाव.

इथेच खरी गोष्ट चालू होते, कारण त्याच्या एक महिना आधी महेश आलेला आणि त्याने त्या नाण्याचे मोबाईलवर फोटो काढलेले. महेश माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमची आई गेली तेव्हा मी सतरा, तो पंधरा. बाप असून नसल्यासारखा. त्यामुळे माझं माहेर म्हणजे नाहूरच्या एका खोलीतला तो एकटा. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला घरोघरी फिरायचा. मुलुंडला एका म्हाताऱ्या साहेबांकडे जायचा, त्यांच्या भिंतीवर जुनी नाणी काचेत लावलेली. त्यांना फोटो दाखवला. मग पुढच्या वेळी आला तेव्हा मोठ्या हौसेने सांगायला बसला, वडे खाता खाता. बोलला, तुमचा मूळपुरुष रोमचा राजा आहे. दोन हजार वर्षं होत आली त्याला. जहाजं यायची तिथून मिरी न्यायला, तेव्हा ही चांदी इकडे आली. ती पानं म्हणजे राजाचा मान, मुंडावळ्या नाहीत. आणि बाई त्यांची तब्येतीची देवी, ती नागाला वाटीतून खायला घालते. मी विचारलं, मग गालावरची चीर? तर बोलला, ते आपल्याच लोकांनी केलंय. इकडच्या व्यापाऱ्यांना भरवसा नसायचा, वरून चांदी आणि आत तांबं तर नाही ना, म्हणून राजाच्या तोंडावरच छिन्नी मारून बघायचे. मला हसू आलं. आईंना नाही आलं. त्यांनी वड्यांचं ताट उचललं आणि बोलल्या, "रोमची नाय ती. आमची सातेरी." आणि महेश गेल्यावर नितीनला हळूच विचारत होत्या, ह्याने फोटो कोणाकोणाला दाखवले असतील. मी मोरीत होती, मला ऐकू आलं.

तर रिक्षा. हॉस्पिटल तसं जवळच होतं पण त्या दिवशी लांब वाटलं. एक्स-रे काढणाऱ्या बाईने पोरीला आत घेतलं, मला बोलली तुम्ही बाहेर थांबा. मी दाराला कान लावून उभी, कमरेला ती तांदळाची गाठ, पायाला खडे टोचलेले, आणि मनात एकच, की मी हो का बोलली, मी का नाही सांगितलं की चमच्याने भरवू. मग डॉक्टरने फोटो उजेडावर धरला. इवल्याशा बरगड्या, माशाच्या काट्यासारख्या. तो बोलला, कुठे आहे नाणं? काहीच नाही. घशात नाही, पोटात नाही. खीर लागली असेल घशात, ठसका आला. घरी जा.

मी त्या डॉक्टरच्या पाया पडली. खरंच पडली. महेश भिंतीला टेकून रडत होता, नितीनने त्याला मिठी मारली. असं किती वेळ असेल, एक मिनिट. रिक्षात चिऊ माझ्या मांडीवर झोपून गेली, आई बाजूला, आणि सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आईंनी बाहेर बघत विचारलं, "मगे नाणा खंय गेला?"

मला आज वाटतं की त्या एका सिग्नलपर्यंतच आम्ही घरातली माणसं होतो.

घरी आल्यावर सगळं उलथंपालथं केलं. सतरंजी झटकली, खिरीचं पातेलं चाळणीतून ओतलं, मोरीची जाळी काढली, चिऊचं झबलं दुपटं उलटं केलं. महेश हातापायावर रांगत कपाटाखाली बघत होता. मी पदराची गाठ सोडली, ओटीचे तांदूळ तसेच खणात बांधले आणि डब्यात घालून फळीवर ठेवले, कारण आमच्याकडे ते लगेच शिजवत नाहीत, आणि वेगळेच ठेवायचे असतात. संध्याकाळी महेश निघाला तेव्हा आई त्याला पोचवायला दारापर्यंत आल्या, नेहमी येत नाहीत. त्याच्या बॅगेकडे बघत होत्या. काळ्या वाटाण्याच्या उसळीचा डबा द्यायच्या त्याला प्रत्येक वेळी, त्या दिवशी दिला नाही.

मग घरात बोलणं कमी झालं. भांडण नाही, कोणी आवाज चढवला नाही. आई टाक मोजून ठेवायला लागल्या. मी देवांना हात लावला तर बोलल्या राहू दे, मी करते. मी कपाट उघडलं की त्या काहीतरी शोधायच्या निमित्ताने बाजूला यायच्या. नितीन चांगला आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही, आईंसमोर मी त्याला अहो करते आणि एकटे असलो की नित्या. पण सोमवारी कामावर जाताना बूट घालत खाली बघून बोलला, "तुला काही माहीत असेल तर मला सांग. मी सांभाळून घेतो." मी विचारलं, काय माहीत असेल? तो बोलला, काही नाही गं, सहज. सहज असं कोणी बोलतं का? आणि सगळ्यात वाईट हे की मी पण तेच करत होती. भांडी घासताना मी डोक्यात महेशची दोन बोटं बघायची. ठसका लागला तेव्हा त्याचा डावा हात कुठे होता? खिशाकडे गेला होता का? एवढी माहिती कशाला काढली त्याने? गिळलं असं तोच आधी बोलला ना. माझ्या आईच्या आजारपणात स्वतःचा मोबाईल विकून औषधं आणणारा पोरगा, आणि मी त्याच्या खिशाचा विचार करत होती.

मंगळवारी आई बोलल्या, तुझ्या भावाक एकदा इचार. एवढंच. मी फोन केला. मी सरळ विचारलं नाही, मी बोलली, बॅगेत बघ ना, चुकून पडलं असेल. तो बोलला, "तू पण?"

बुधवारी तो कामावरून तसाच आला, कंपनीच्या शर्टात, हत्यारांची बॅग घेऊन. आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याने त्यांच्यासमोर बॅग उलटी केली. पाने, वॉशर, पाइपाचे तुकडे, अर्धा वडापाव कागदात. मग खिसे बाहेर काढले, दोन्ही, मागचे पण. पिशवीसारखे लोंबत होते ते खिसे. आई बोलल्या, मी खंय काय बोलले? तो बोलला, नाही बोललात, म्हणूनच आलो. मग सगळं परत भरलं, वडापाव सुद्धा, देव्हाऱ्यासमोर गेला, डोकं टेकलं, जरा जास्त वेळच टेकलं, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. हे देव्हाऱ्याचं लक्षात ठेवा.

शुक्रवारी दुपारी आई भाजी आणायला गेल्या. चिऊ झोपलेली. एका शेगडीवर डाळीचा कुकर लावलेला. ओटीच्या तांदळाला पाच दिवस झाले होते, मला वाटलं आज गोड भात करावा, त्या देवीला तरी शांत करावं. डबा काढला, खण सोडला, तांदूळ ताटात ओतले. आवाज आला. सुपारीचा आवाज वेगळा असतो. मी हात फिरवला आणि माझ्या अंगठ्याला ती चीर लागली.

मला आधी आनंद झाला. हे सांगितलंच पाहिजे, अगदी ओरडावंसं वाटलं. चिऊने हात मारला असेल, नाणं खिरीने निसरडं झालेलं, उडालं आणि बाजूलाच मी बसलेली पदर पसरून, त्यात पडलं. मी ते कमरेला बांधून धावली. एक्स-रेच्या दाराबाहेर उभी होती तेव्हा ते माझ्याच पोटाला टेकून होतं. मग कुकरची पहिली शिट्टी झाली आणि तो आनंद तिथेच संपला. कारण मी डोक्यात वाक्य जुळवायला लागली. आई, नाणं मिळालं. कुठे? माझ्या ओटीत. तांदळात. खणात बांधून, डब्यात, फळीवर, जिथे दुसरं कोणी हात लावत नाही तिथे. पाच दिवस. आणि आज, भाऊ खिसे दाखवून गेल्यावर, मिळालं. तुम्ही असता तर विश्वास ठेवला असता का? मी स्वतः ठेवला नसता. मी माझ्या सख्ख्या भावावर ठेवला नव्हता. आणि माझं कोण होतं तिथे? नववी नापास, बाप असून नसल्यासारखा, सात महिन्यांची पोर. आईंनी मला बाहेर काढली असती तर मी त्याच भावाच्या दारात जाणार होती ज्याचे खिसे मी उलटे करायला लावले.

बाहेर आईंच्या चपलेचा आवाज आला. त्या पाय घासत चालतात, गल्लीच्या तोंडापासून कळतं. मी उठली, नाणं पदराला पुसलं आणि देव्हाऱ्यातल्या लाल कपड्याखाली सरकवलं, मागच्या कोपऱ्यात. मला वाटलं कोणाचंच नाव येणार नाही. घसरून गेलं असेल, कोणी नीट बघितलं नाही, एवढंच वाटेल सगळ्यांना. तांदूळ परत डब्यात घातले. घाईत अर्धे ओट्यावर सांडले, ते मी एकेक वेचले.

शनिवारी सकाळी आईंनी देव घासायला कपडा उचलला. ओरडल्या नाहीत. हातात घेऊन खाली बसल्या, डोळ्यांना लावलं, आणि मला हाक मारली. मी आली तर रडत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, आणि बोलल्या, "तेना आणून ठेवल्यान गो. बुधवारी डोका टेकल्यान ना, तेव्हाच. मी कपडो झटकललंय रविवारी, तेव्हा नाय होता." मी तोंड उघडलं. त्या बोलल्या, "लाज वाटली आसतली तेका. लहान हा, चुकता माणूस. मी खंय कोणाक सांगतंय. नितीनाक पण सांगूचंय नाय. आपला माणूस हा तो." आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या मायेने की मी तोंड मिटलं.

हे मी पुढे हजार वेळा मनात उलटंपालटं केलंय. शिव्या दिल्या असत्या ना त्यांनी महेशला, तर मी बोलली असती, नक्की बोलली असती. पण माफ केलेल्या माणसाला कसं सोडवायचं, ते मला नववीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारी मी महेशला फोन केला, बोलली मिळालं. तो बोलला, बरं झालं, कुठे मिळालं? मी बोलली, देव्हाऱ्यात. कपड्याखाली. त्याच्या मागे गाडीचे हॉर्न वाजत होते, ते थांबले, परत वाजले. मग तो हळू बोलला, "म्हणजे मी ठेवलं असं झालं." मग त्याने विचारलं, "तायडे, तुला खरं कुठे मिळालं?" मी बोलली, चिऊ उठली, ठेवते. चिऊ उठली नव्हती.

त्यानंतर तो चारकोपला आला नाही. भाऊबीजेला मी नाहूरला जाते, ओवाळते, तो जेवायला घालतो, चिऊला फ्रॉक देतो, सगळं करतो. विचारत नाही. मी दाराशी चप्पल घालायला लागली की त्याची नजर माझ्यावर असते, वाट बघितल्यासारखी, आणि दरवर्षी मी चप्पल घालून निघते. चिऊ आता पाचवीत आहे. तिला शाळेत सांगितलं की जुन्या वस्तूबद्दल दहा ओळी लिहून आणा, तर तिने ह्या नाण्याचं चित्र काढलं, राजाच्या गालावर चीर काढली, आणि मला विचारलं, मम्मी, मग आत तांबं निघालं का? मी बोलली, नाही, आतपर्यंत चांदीच होती. ती बोलली, मग त्यांनी सॉरी बोलून बुजवली का नाही?

आता काल काय झालं ते. महेशचं लग्न उशिरा झालं, त्याला मुलगा झाला, येत्या रविवारी उष्टावण आहे. आई आता थकल्यात, उसळीला खोबरं मीच भाजते. काल दुपारी त्यांनी देव्हाऱ्यातून नाणं काढलं, लाल कपड्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात ठेवलं. बोलल्या, तुझ्या भावाच्या पोराक ह्यानीच भरव, तेका सांग माझ्या मनात काय नाय, मी कधीच इसारले. त्या खरंच चांगल्या मनाने देतायत. आणि मला ते नाहूरला त्याच्या दारात न्यायचंय, त्याच्या मुलाच्या जिभेला लावायचंय, आणि त्याला सांगायचंय की तुला माफ केलंय.

नाणं इथे, मी हे लिहितेय त्या वहीच्या बाजूला आहे. कपडा सोडला नाहीये अजून. आई पलीकडे झोपल्यात, त्यांचा पाय हलतो झोपेत. मी उठून आईंकडे जाईन का नाहूरला आधी जाईन, का दोन्हीकडे तोंड मिटूनच जाईन, मला माहीत नाही. मी परत परत त्या शुक्रवारीच जाते. मांडीवर ताट, तांदळात हात, अंगठ्याला ती चीर, कुकरची एक शिट्टी झालेली, आणि गल्लीच्या तोंडाशी आईंच्या चपला घासत येतायत. दार उघडायला तेवढाच वेळ आहे. सांगा ना, तुम्ही काय केलं असतं?